नारळाच्या दुधाची पावडर: सोलकढी करण्याआधी पुडा उलटून बघा

दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर मालवण-वेंगुर्ल्याकडचं जेवण तसं सोयीचं. माशाची कढी, मटणाचं वाटप, शिरवाळ्यांचा रस, सगळीकडे नारळच. आणि शेवटी ताकाऐवजी सोलकढी. म्हणूनच ही पावडर फसवते. पुड्यावर नाव नारळाचं, चित्र नारळाचं, पण घटकांमध्ये बऱ्याचदा 'सोडियम केसिनेट' असतं. हे दुधातलंच प्रथिन. नारळाचं दूध फवारून सुकवताना त्यातला तेलाचा अंश सुटू नये म्हणून घालतात. उकळून ते निरुपद्रवी होत नाही.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, दूध शाकाहारातच मोडतं. 'लॅक्टोज-फ्री'चाही उपयोग नाही; दुधातली साखर मोडलेली असते, प्रथिन जागेवर. वाचायचं ते घटकांखालचं बारीक 'कंटेन्स मिल्क'. 'मे कंटेन' असेल तर त्याच यंत्रावर दुधाचा मालही निघत असावा. तीव्र अ‍ॅलर्जीवाल्यांनी तोही पुडा ठेवून द्यावा.

केसिनेट नसलेल्या पावडरीही मिळतात. आधी चमचा-दोन चमचे कोमट पाण्यात पेस्ट करा, नाहीतर गुठळ्या राहतात. पावडरीत घातलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनमुळे (पिष्टापासून केलेली भुकटी) कढी गोडूस लागते. माझ्याकडून पाचपैकी दोन गुण. खोक्यातलं नारळाचं दूध त्याहून बरं: बहुतेकांत नारळ, पाणी आणि घट्टपणासाठी गोंद, तरी यादी वाचायचीच. तितकंच पाणी घालून वापरा. साडेतीन गुण.

खरं तर कोकणात राहून पुडा कशाला? मध्यम नारळ खवून कपभर कोमट पाण्यात वाटा, पंचातून पिळा. चोथ्यात अर्धा कप पाणी घालून दुसरं दूध काढा. 8-10 आमसुलं अर्धा कप पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, गाळून नारळाच्या दुधात मिसळा. दोन लसूण पाकळ्या, एक मिरची ठेचून घाला, मीठ, कोथिंबीर. उकळायची नाही, फुटते. फ्रिजमध्ये वर पांढरा थर आला तर ते नारळाचं तेल, ढवळलं की झालं.

खानावळीत 'सोलकढीत दूध आहे का?' असं विचारलंत तर 'नाय हो, नारळाचा' असंच उत्तर येणार. विचारायचं ते असं: नारळ खवलेला की पावडर? ताक घालता का? आणि लस्सी याच मिक्सरमध्ये होते का? भांडं विसळलं तरी झाकणाच्या रबराखाली दही अडकून राहतं.