काचेच्या मंडळाची वर्गणी, दोन टॉर्च आणि एक वाडगा : अकरा महिन्यांनंतर

जुन्या काचेच्या वस्तू जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाच्या नव्या वर्षाच्या वर्गणीचा निरोप आला आणि त्याच आठवड्यात माझी मोठी टॉर्च बंद पडली. दोन्ही एकदम झालं नसतं तर अठराशे रुपये मुकाट्याने पाठवून दिले असते आणि हे लिहायला बसलेच नसते.

जुन्या काचेच्या मंडळात काय चालतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. महिन्याचा दुसरा रविवार, पुण्यातला भाड्याचा हॉल, ओळख-टेबलावर आपापली वस्तू मांडायची आणि ती काय असेल ते सगळ्यांनी ओळखायचं, कुणीतरी तासभर बोलतं, मग चहा. वर्षातून एकदा अदलाबदल. मी कराडहून जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जमतं, तरी पुण्यात उतरल्यावर रिक्षावाला ते वाचवलेलं अर्धं तिकीट वसूल करतोच. अकरापैकी आठ सभांना गेले. दोन पावसाने बुडाल्या, एक नणंदेच्या मुलाच्या लग्नात.

मुळात मी गेले ती माळ्यावरच्या खोक्यामुळे. त्यात सासऱ्यांच्या वेळची, कंदिलाची एक काचेची चिमणी आणि दोन गोटीच्या सोड्याच्या बाटल्या होत्या. ओगलेवाडी आमच्या गावाला लागूनच. तिथला ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा, आणि त्यांचा प्रभाकर कंदील माहीत नाही असं म्हातारं माणूस आमच्याकडे शोधून सापडणार नाही. चिमणी ओगल्यांचीच का, एवढंच मला विचारायचं होतं. त्याचं पक्कं उत्तर अकरा महिन्यांत मिळालेलं नाही, कारण चिमणीवर कसलीच खूण नाही आणि मंडळात जिच्यावर खूण नाही त्या वस्तूवर तीन माणसांची पाच मतं असतात.

आता टॉर्चकडे येते. ज्यांना मंडळाबद्दलच वाचायचं आहे त्यांनी पुढचे सहा परिच्छेद गाळावेत, पण मग माझा राग कशाचा ते कळणार नाही.

पहिल्याच सभेत कुणीतरी हॉलचे दिवे बंद केले आणि टेबलावरच्या एका पिवळट हिरव्या फुलदाणीवर अतिनील टॉर्च मारली. फुलदाणीच्या पोटात कुणी दिवा लावल्यासारखी ती पेटली. युरेनियमची काच. १८३०च्या दशकात बोहेमियात रीडेल नावाच्या काचकाराने अशी काच पिवळ्या आणि हिरव्या रंगांत काढली आणि घरातल्या आनाच्या नावावरून त्यांना ‘आना पिवळा’, ‘आना हिरवा’ म्हटलं, ही माहिती त्याच अंधारात ऐकली. (आमच्या ह्यांनी घरी विचारलं, घरच्या बाईचं नाव किरणोत्सारी काचेला देणं हे प्रेम की काय? मी उत्तर दिलं नाही.) ती चमक किरणोत्साराची नसते. काचेतली युरेनियमची संयुगं अतिनील उजेड शोषतात आणि हिरवा परत देतात. टॉर्च बंद, चमक बंद.

माझ्याकडे तेव्हा ऑनलाइन घेतलेली २८० रुपयांची टॉर्च होती. आमचं औषधाचं दुकान आहे आणि गल्ल्याजवळचं नोटा तपासायचं यंत्र उचलून माळ्यावर नेता येत नाही, म्हणून घेतलेली. ती काढली तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, “ताई, ही ३९५ची. ही नोटांपुरती ठीक. काचेला ३६५ची लागते.” (हे आकडे उजेडाच्या तरंगलांबीचे, नॅनोमीटरमध्ये.) आणखी दोघे हसले. ते हसणं मला २,३५० रुपयांना पडलं, कारण त्याच दिवशी मंडळातल्या एकांनी सगळ्यांच्या मिळून टॉर्च मागवायची यादी सुरू केली आणि मी तिसऱ्या नंबरला नाव लिहिलं.

टॉर्चला नावं ठेवणार नाही. ३९५ नॅनोमीटरच्या दिव्यातून बराच जांभळा उजेड बाहेर पडतो, सगळी वस्तूच जांभळी दिसते. माझ्या ३६५ च्या तोंडाला काळी गाळणीची काच आहे, ती डोळ्याला दिसणारा उजेड अडवते. खोलीत अंधार तसाच राहतो आणि चमकणारी तेवढी वस्तू उठून दिसते. युरेनियम झणझणीत हिरवं, कॅडमियमची पिवळी काच पिवळी-नारिंगी, सेलेनियम घातलेली गुलाबीकडे झुकणारी, जुनी शिशाची काच थंड निळसर. पहिला महिना मी घरभर हिंडले. डाळीच्या बरण्या, देवघरातलं झुंबर, ह्यांचा पांढरा शर्ट (पावडरीने धुतलेला, लखलखीत निळा). एका रात्री परसात सरपणाच्या ढिगाशी टॉर्च मारली तर विंचू हिरवा-निळा चमकत बसलेला. अतिनील उजेडात विंचू चमकतो हे नुसतं ऐकून होते. त्या रात्री वाटलं, पैसे वसूल.

मग अदलाबदलीचा रविवार आला. एका सभासदांकडे पाण्यासारखा, किंचित हिरवट झाक असलेला जाड वाडगा होता. दिवे बंद केले, ३६५ मारली, वाडगा हिरवा चमकला. मंद, पण हिरवाच. “युरेनियम कमी प्रमाणात असेल,” असं तिघांनी सांगितलं. मी दोन्ही गोटीच्या बाटल्या आणि वर सहाशे रुपये दिले. बाटल्यांचं महत्त्व मला माहीत नव्हतं असं नाही. गळ्यात गोटी अडकवायची ही युक्ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७०च्या दशकातली. अशा बाटल्या आपल्याकडे गोट्यांसाठी पोरांनी किती फोडल्या याला हिशोब नाही. माझ्या दोन्ही धड होत्या, अंगावर सोडावाल्याचं नाव उठवलेलं होतं. पण चमक बघितली की माणसाची अक्कल दिव्याबरोबर बंद होते.

घरी आले. मोठी, म्हणजे ३६५ वाली टॉर्च चार्जिंगला होती म्हणून सहज २८० वाली मारली. वाडगा मख्ख. काही नाही. नुसता जांभळा उजेड. आधी वाटलं टॉर्च बिघडली. पाचशेच्या नोटेवर मारली तर नंबर झकास चमकला. म्हणजे टॉर्च ठीक होती, वाडगाच वेगळा होता.

हिरवं चमकणारं सगळं युरेनियम नसतं, हे मला त्यानंतर वाचून कळलं. वाळूत लोह असतं, त्याने काच हिरवट होते. तो रंग मारायला काचकारखाने मँगनीज घालत, त्याला काचेचा साबणच म्हणत. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणींत निघतं तेच हे मँगनीज. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत ही पद्धत भरपूर होती, नंतर सेलेनियम वगैरे आलं. असली मँगनीजची काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. आणि ३६५ खाली ती मंद हिरवी चमकते, ३९५ खाली जवळजवळ अजिबात नाही. युरेनियम मात्र दोन्हीखाली चमकतं. थोडक्यात, ज्या टॉर्चला मंडळ हसलं तीच फरक सांगते. नुसती ३६५ घेऊन फिरणारा माणूस मँगनीजला युरेनियमच्या भावात विकत घेतो. मी घेतलं.

पुढच्या सभेत हे सांगितलं. वाडगा देणारे गृहस्थ प्रामाणिक आहेत, त्यांनाही खरंच युरेनियम वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडला. पण ‘अदलाबदलीत दिलेली वस्तू परत नाही’ ही पाटी हॉलमध्येच लावलेली आहे. बाटल्या तोवर पुढे आणखी कुणाकडे गेल्या होत्या. पाटी लावायला हरकत नाही, पण पाटीशेजारी २८० रुपयांची एक टॉर्च बांधून ठेवा एवढीच माझी सूचना होती. ती ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ झाली.

इथवर लिहिलं तेव्हा वर्गणी भरायची नाही असंच ठरवलं होतं. दोन दिवसांनी परत लिहायला बसले आहे, आणि मधल्या वेळात थोडं मवाळ झाले.

एक म्हणजे सभेतले एक काका. वय ऐंशीच्या पुढे, टॉर्च बाळगत नाहीत. माझा वाडगा त्यांनी खिडकीशी नेला, उलटा केला, बुडाला बोट फिरवलं, कडेवरून नख ओढलं. बुडाशी काच धरायची सळई तोडल्याचा खरखरीत व्रण नाही, साच्याची शिवण दोन्ही बाजूंनी वर चढलेली. दाबून केलेला आहे, तोंडाने फुंकून नव्हे, एवढं त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. बाटल्यांच्या बाबतीत शिवण ओठाच्या वरपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे ओवेन्सच्या १९०३ च्या यंत्रानंतरची, हेही त्यांच्याकडूनच. दिवे बंद झाल्यावर ते बाहेर जाऊन चहा घेतात. आता मीही जाते. त्या दहा मिनिटांत मला जे शिकायला मिळालं ते ओळख-टेबलावर आठ सभांत नाही.

दुसरं, बोलणी खरोखर चांगली असतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या रंग फिरणाऱ्या कार्निव्हल काचेवर एक झालं. गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारून तो तेलासारखा रंग येतो. तळेगावच्या पैसा फंड कारखान्यावर एक. अंताजीपंत काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून काचेचा कारखाना उभा राहिला. एकेक पैशातून कारखाना, आणि आमच्या मंडळाला अठराशे कमी पडतात, असं मी म्हटल्यावर मात्र फारसं कुणी हसलं नाही. अरुंद तोंडाची बाटली आतून धुवायला मूठभर कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून हलवायचं, हेही तिथलंच. आणि केळकर संग्रहालयाची सहल, तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

राहिली बंद पडलेली टॉर्च. हातात आल्यापासून सातव्या महिन्यात तिची चार्जिंगची पिन धरेना. खोक्यावर एक वर्षाची हमी. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणे चार्जिंगच्या भागाला सहाच महिने, बिल माझ्या नावावर नाही, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ कुठे आहे? पार्सल उघडताना माझ्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात पोळीची कणीक होती, व्हिडिओ कोण काढणार? यादी करणाऱ्या सभासदांनी ‘तो तुमचा आणि विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून हात वर केले. चार मेल, तीन फोन, आणि कुरिअरचा जाण्या-येण्याचा खर्च माझ्यावर असं शेवटचं उत्तर.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे नेली. त्याने खोललं, पिन बदलली, १२० रुपये घेतले आणि विचारलं, “काकू, हिने विंचू दिसतात का हो?”

वर्गणी शेवटच्या तारखेला भरली. पावतीवर ‘सूचना विचाराधीन’ असं लिहून द्या म्हटलं, नाही दिलं. वाडगा आता दुकानात नोटांच्या यंत्राशेजारी ठेवलाय, सुट्टे पैसे टाकायला. रात्री शटर अर्धं ओढून बाकीचे दिवे बंद केले की यंत्राच्या उजेडात तो मंद हिरवा होतो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची मुलगी रोज बरोबर त्या वेळेला बघायला येते.