सोनामुखीच्या चूर्णाकडून इसबगोलकडे: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात पोट साफ होण्याचं औषध म्हणजे सोनामुखीचं चूर्ण. सासूबाई घ्यायच्या, त्यांचं बघून मीही घ्यायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, शेवटची चार वर्षं रोज रात्री. पाव चमच्याचा एक चमचा कधी झाला कळलंच नाही. सकाळी मुरडा मारून पोट साफ व्हायचं, पण चूर्ण चुकलं की दोन दिवस काही नाही. होळीच्या सुमारास डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करून इसबगोल घ्यायला सांगितलं. आता नवरात्र आलंय.

पहिले दहा दिवस वाईट गेले. पोट फुगायचं, गॅस व्हायचा आणि सकाळी फरक शून्य. सोनामुखी रात्री घेतली की सकाळी काम करते. इसबगोलला एक ते तीन दिवस लागतात, हे मला माहीत नव्हतं. दुसरी चूक पाण्याची. दोन चमचे भुशी अर्ध्या वाटी पाण्यात कालवून ठेवली आणि फोन आला म्हणून उठले. परत येईपर्यंत खळ झाली होती. तशीच गिळली तर घशात अडकली, जीव घाबरा झाला. तेव्हापासून एक चमचा, मोठा पेला भरून पाणी, ढवळलं की लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला. तिसऱ्या आठवड्यात दोन चमच्यांवर आले. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी हे घेऊच नये.

ही भुशी म्हणजे बियांवरचं साल. ते पचत नाही, पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ ठेवतं. पाणी शोषतं म्हणूनच आपल्याकडे जुलाबाला तेच दह्यातून देतात. पीक आपल्या गुजरातचंच, ऊंझा-सिद्धपूरकडचं. नाव मात्र फारसी: अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान. बी जवळून पाहिलं की पटतं.

दीड महिन्यात चूर्ण पूर्ण सुटलं. मुरडा नाही, घाई नाही, सकाळच्या चहानंतर आपोआप जावंसं वाटतं. हे सुख ज्याला त्रास आहे त्यालाच कळेल. परवा गरब्यानंतर रात्री एक वाजता सेव-उसळ खाल्ली, तरी दुसऱ्या दिवशी पोट जड नव्हतं. उन्हाळ्यात लग्नाच्या गडबडीत पाणी कमी प्यायले, तेव्हा मात्र इसबगोल घेऊनही खडा झाला. पाणी नाही तर उपयोग नाही.

माझी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते, म्हणून इसबगोल रात्रीच. कुठल्याही गोळीत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. मधे एका दुकानातून सुटी भुशी आणली. तपकिरी, कचरा असलेली, दमट वासाची निघाली. टाकून दिली. आता सीलबंद डबा घेते आणि पावसाळ्यात झाकण घट्ट लावते. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्यांत साखर असते, मधुमेह असेल तर पाकीट वाचून घ्या.

शौचातून रक्त, वजन उतरणं, उलटीबरोबर पोटदुखी, किंवा पन्नाशीनंतर एकाएकी सवय बदलणं, यातलं काही असेल तर इसबगोल राहू द्या, आधी डॉक्टर. सासूबाईंना मी अजून वळवू शकले नाही. त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि पाणी फार कमी पितात, म्हणून आग्रहही करत नाही. दिवाळीआधी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे.