कॉम्प्युटर हँग होत होता आणि मी त्या नंबरवर फोन केला

मी 14 वर्षं मिरजेत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. यंदा ऐन लग्नसराईत माझे 21,498 रुपये गेले आणि त्याहून वाईट म्हणजे कित्येक वर्षांच्या फाइली गेल्या. माझ्यासारखं घरबसल्या एकाच मशीनवर पोट असणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेव्ह करायला गेलं की मशीन थिजायचं. माउसचा बाण हलायचा, पण क्लिक केलेलं काहीच उघडायचं नाही. कॅबिनेटवरचा छोटा लाल दिवा एरवी लुकलुकत असतो, तो अशा वेळी सलग पेटून राहायचा. अर्धा-पाऊण मिनिट गेलं की आधी केलेले सगळे क्लिक एकदम लागू व्हायचे आणि चार-चार खिडक्या भसाभस उघडायच्या. हे मी मुद्दाम बारकाईने सांगतेय. दुखणं काय आहे ते या खुणांतच होतं, मला ते ओळखता आलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्रिकेसाठी एका फुकटच्या साइटवर बॉर्डर शोधत होते. अचानक पूर्ण स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला आणि मोठ्या अक्षरांत आलं की तुमचा कॉम्प्युटर हॅक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. खिडकी बंद करायची फुलीच दिसेना. महिनाभर मशीन अडकतच होतं, त्यामुळे मला वाटलं, कारण सापडलं एकदाचं. एरवी असलं पान मी कधीच बंद केलं असतं. त्या दिवशी आधीच्या त्रासामुळे ते खरं वाटलं.

आता मला माहीत आहे की ते फक्त एक वेबपान होतं, ब्राउझर फुल स्क्रीन करून दाखवलेलं. एस्केपचं बटण दाबून धरलं की सुटतं, नाही सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का असं विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर सांगितलेलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीनं बोलत होता. "मॅडम, घबराइए मत, मैं आपको दिखाता हूँ." त्याने स्क्रीन दुरून चालवायचं ॲप उतरवून घ्यायला लावलं, त्या ॲपमध्ये दिसणारा आकडा विचारून घेतला आणि माझा माउस त्याच्या हातात गेला. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. लाल गोळ्यांच्या ओळीच ओळी. "ये सब हॅकर के अटॅक हैं." त्यातल्या एका ओळीवर त्याने बाण नेऊन थांबवला आणि म्हणाला, बघा, हा तर आत्ता सकाळचा आहे. माझी लेक शेजारी उभी होती, तिने मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढला.

मग काळी खिडकी उघडून त्याने नेटस्टॅट असा शब्द टाइप केला. आकड्यांची यादी आली, वर लिहिलेलं 'फॉरिन ॲड्रेस'. फॉरिन म्हणजे परदेश, परदेशातून इतके लोक तुमच्या मशीनमध्ये बसलेत, असं त्याने सांगितलं. खरं तर तिथे फॉरिन म्हणजे नुसतं समोरच्या टोकाचा पत्ता. जीमेल उघडं असलं तरी ती यादी भरते. आणि लाल गोळ्या? कुठल्याही धडधाकट विंडोजमध्ये त्या शेकड्याने सापडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, एवढाच त्यांचा अर्थ.

मी यूपीआयने 7,499 रुपये भरले. तीन वर्षांची सुरक्षा म्हणून. त्याने काहीतरी सॉफ्टवेअर टाकलं, रात्रभर फुल स्कॅन आणि डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) लावून ठेवायला सांगितलं आणि बजावलं, की गावातल्या दुकानात मशीन नेऊ नका, ते तुमचा डेटा चोरतात.

या शेवटच्या वाक्याने माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या दादांनी माझं हे मशीन जोडून दिलेलं. मी त्यांच्या दारावरून रोज जात होते आणि एका शब्दाने बोलले नाही.

हँग होणं थांबलं नाही, वाढलं. बारा दिवसांनी पुन्हा फोन केला, तर हॅकर परत आलाय, आता नेटवर्कची फायरवॉल लागेल म्हणून 13,999 घेतले. पुन्हा रात्रभर स्कॅन. चौथ्या दिवशी पहाटे कॅबिनेटमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि विंडोज सुरूच झालं नाही.

दादांनी हार्डडिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. आधी केबल बदलून पाहिली, कारण कधी कधी डिस्कला जोडणाऱ्या सैल साटा केबलमुळेही असंच अडकतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. डिस्कची तब्येत दाखवणारा चौकोन निळा असायला हवा, तो लाल होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात न वाचता येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, मोजलेले असतात. ते वाचायला डिस्क पुन्हापुन्हा धडपडते, तोवर विंडोज तिची वाट बघत बसतं. माझा सलग पेटलेला लाल दिवा तो हाच.

मग लेकीने तो फोटो दाखवला. दादांनी दोन बोटांनी मोठा केला आणि त्या माणसाने बाण थांबवलेल्या ओळीवर नख टेकवलं. "वहिनी, हे वाचा. सोर्स, डिस्क. इव्हेंट आयडी 7. खाली काय लिहिलंय, बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग. मशीन स्वतः सांगत होतं की डिस्क चाललीय."

त्या चोराने माझ्याच डोळ्यांसमोर खरं कारण उघडून दाखवलं होतं आणि त्याचं नाव बदलून माझ्याकडून पैसे घेतले. त्या दिवशी डिस्क अजून वाचत होती. त्याच दिवशी दादांकडे नेली असती तर बराचसा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरला असता. त्याऐवजी मरायला टेकलेल्या डिस्कला मी रात्र-रात्र स्कॅन आणि डीफ्रॅगला जुंपली.

दादांनी त्या दिवशी तासभर बसवून मला समजावलं, ते जसं कळलं तसं सांगते. पहिली गोष्ट म्हणजे नेटची केबल काढायची, वायफाय बंद करायचं आणि तसंच काम करून बघायचं. तरीही त्याच जागी अडकत असेल तर संशय आधी हार्डवेअरवर. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघायचं. त्यातही थिजलं तर रॅम, उष्णता, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड. त्यात तासन्‌तास नीट चाललं तर हार्डडिस्क किंवा विंडोज. मशीन सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, पंखा किंचाळायला लागल्यावर अडकत असेल तर आतली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट बघा. निळी स्क्रीन येऊन दर वेळी वेगळाच कोड दिसत असेल तर रॅम. ती काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसून लावायची आणि विंडोजचीच मेमरी चाचणी चालवायची. फाडकन बंदच पडत असेल तर एसएमपीएस.

व्हायरसने मशीन मंदावत नाही असं नाही. तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टोचं काम करून घेणारे व्हायरस असतात, पण तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू काही न करता चढलेला दिसतो. माझ्याकडे सीपीयू शांत आणि डिस्क शंभर टक्के होती. ज्याला खरंच चोरी करायची आहे त्याला तुमचं मशीन सुरळीत चालायला हवं असतं. त्याच्या खुणा वेगळ्या: पासवर्ड चालेनासा होणं, तुम्ही न पाठवलेले मेल जाणं, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना, फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागणं.

तक्रार मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर केली, पण पहिला भरणा होऊन तोवर सतरा दिवस उलटले होते. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून त्याच तासाला फोन करणं महत्त्वाचं. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये देशभर छापे घातले, त्यात अशाच खोट्या टेक सपोर्टच्या टोळ्या होत्या. म्हणजे हा धंदा केवढा आहे ते बघा. कुणाच्या हातात मशीन दिलं गेलंच असेल तर आधी नेट तोडा, ते ॲप काढा, पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला आणि बँकेला कळवा.

जुनी डिस्क पुण्याला डेटा रिकव्हरीसाठी पाठवली आहे. दादांनी हार्डडिस्कच्या जागी नवीन एसएसडी घालून दिली आणि बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क घ्यायला लावली, ती काम झालं की मी काढून कपाटात ठेवते. गेल्या मंगळवारी पुन्हा एक फोन आला. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे 21,498 रुपये परत करायचे आहेत, फक्त तेच ॲप पुन्हा सुरू करा. आकडा अगदी बरोबर सांगितला. मी फोन ठेवला आणि तो नंबर पोर्टलवर तक्रारीत जोडला.