काठमांडूच्या शिलेखान्यातील गहेंद्र रायफल : न उघडलेला माल घ्यावा काय?

जुन्या मराठी कागदपत्रांतून ‘शिलेखाना’ हा शब्द वाचलेल्या माणसाला काठमांडूच्या ‘लगन सिलेखाना’ या नावाचा अर्थ, म्हणजे शस्त्रागार, कोणी सांगावा लागत नाही. या जुन्या राजवाड्यात नेपाळ दरबाराने पिढ्यान्‌पिढ्या साठवून ठेवलेली शस्त्रे २००३ साली न्यूजर्सीतील इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि जॉर्जियातील अटलांटा कटलरी या दोन कंपन्यांनी मिळून विकत घेतली आणि समुद्रमार्गे अमेरिकेत आणली. त्यांत ५० हजारांहून अधिक बंदुका होत्या. ब्राउन बेस, ब्रन्सविक, स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री या इंग्रजी नमुन्यांच्या बंदुकांच्या जोडीला, नेपाळी कारागिरांनी हाताने घडवलेली आणि जनरल गेहेंद्र शमशेर राणा यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘गहेंद्र’ रायफलही त्या ढिगातून बाहेर आली. हा परिचय तिचाच आहे. गेल्या २० वर्षांत हा माल अनेक हातांतून फिरून लहानमोठ्या विक्रेत्यांकडे पोहोचला आहे. मी पेनसिल्व्हानियात राहून ज्याच्याकडून ती मागवली, त्याचे नाव येथे देत नाही.

गहेंद्र साधारणपणे दोन प्रकारांत मिळते. एक साफ करून, सुटे भाग तपासून दिलेली. दुसरी शिलेखान्यातून जशी निघाली तशीच, म्हणजे ‘न उघडलेली’. दुसरी स्वस्त असते, आणि मध्यम दर्जाच्या मोबाइलच्या किमतीत सव्वाशे वर्षांपूर्वीची लष्करी रायफल हाती येते, या मोहात मी पडलो. तिसऱ्या दिवशी दारात लांबट खोके आले. आतल्या वस्तूला रायफल म्हणण्यासाठी पुष्कळ श्रद्धा लागावी, अशी तिची अवस्था होती. वर्षानुवर्षे न घासलेल्या समईच्या बुडाशी तेल आणि धूळ यांची जी घट्ट, काळपट कीट बसते, तशी कीट नळीपासून दस्त्यापर्यंत सर्वत्र बोटाच्या पेराएवढी चढली होती. येथील संग्राहक या लेपाला थट्टेने ‘याकची चरबी’ म्हणतात. तो प्रत्यक्षात कशाचा आहे हे कोणी सांगो, पण लोखंड गंजापासून वाचवण्याचे काम त्याने चोख केले आहे, हे मान्य करावेच लागेल.

साफसफाईला माझे तीन रविवार गेले. लोखंडी भागांसाठी रॉकेल, पितळी तारांचा ब्रश आणि लाकडाची खपली, एवढे साहित्य पुरते. सँडपेपर आणि विजेवर फिरणारी चाके यांना मात्र या वस्तूच्या आसपास फिरकू देऊ नये, कारण कीट निघताना तिच्याखालची ठशांची अक्षरेही पुसली जातात आणि त्या अक्षरांवाचून या रायफलीत विशेष काही उरत नाही. दस्त्याचे लाकूड सुकले होते, पण कोठे तडकले नव्हते. जवसाचे तेल दोनदा चोळल्यावर त्याला तांबूस झाक आली. नळीच्या खालची साफसफाईची सळई नव्हती. ती नसेल असे विक्रेत्याने आधीच लिहिले होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती जाहिरातीतील एका वाक्याबद्दल. ‘रायफलीवर गूढ संस्कृत मजकूर कोरलेला आहे’, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या रविवारी कीट उतरली आणि डाव्या बाजूला ‘श्री ३’ ही अक्षरे स्वच्छ दिसू लागली, तेव्हा मला हसू आवरेना. यात संस्कृत काही नाही आणि गूढ तर त्याहून नाही. नेपाळच्या राजाला ‘श्री ५’ आणि राणा घराण्यातील पंतप्रधानाला ‘श्री ३’ म्हणत. ही रायफल कोणाच्या अमलात बनली, एवढेच त्या ठशाने सांगितले आहे. त्याखाली क्रमांक आणि ‘१९५१’ हा आकडा आहे. जुन्या नेपाळी वळणाचे अंक आपल्या अंकांहून थोडे वेगळे पडतात. मला ५ ओळखायला भिंगाची मदत घ्यावी लागली.

आता हा १९५१ कोणता? इसवी सन धरला तर रायफल दुसऱ्या महायुद्धानंतरची ठरते. आपल्या पंचांगाच्या सवयीने शालिवाहन शक धरला, तर ती अजून जन्मालाच आलेली नाही. नेपाळात विक्रम संवत चालतो आणि तेथील वर्ष एप्रिलच्या मध्याला वैशाखापासून सुरू होते, म्हणून १९५१ मधून ५७ वजा करून १८९४-९५ हे वर्ष काढावे लागते. हा हिशेब केवळ हौसेचा नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक ‘पुरातन’ मानली जाते, आणि केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती बंदुकांच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणूनच ती परवानाधारक दुकानदाराच्या मध्यस्थीशिवाय थेट घरी येते आणि नंतरच्या काळातील आयात रायफलींवर आयातदाराचे नाव व गाव जसे ठोकावे लागते, तसे हिच्या अंगावर ठोकावे लागत नाही. विक्रम संवत १९५५ हा त्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतो, कारण तो एप्रिल १८९८ ते एप्रिल १८९९ असा आहे. ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याने हा माल विकताना निदान वाचता येणाऱ्या एखाद्याला विचारायला हरकत नव्हती.

त्याच १९६८ च्या कायद्याने लष्करातून निकाली काढलेल्या रायफलींची आयात जवळजवळ बंद केली होती. १९६३ साली केनेडी यांच्यावर झाडलेली इटालियन कारकानो रायफल अशीच निकाली मालातली आणि टपालाने मागवलेली होती. १९८४ मधील दुरुस्तीने संग्राह्य ठरणाऱ्या रायफलींना पुन्हा वाट मिळाली. ज्याला ईशापूरच्या कारखान्यातील थ्री-नॉट-थ्रीची आवड असेल, त्याने ५० वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी असलेला संग्राहकाचा परवाना काढावा. तो ३० डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी मिळतो.

बांधणीबद्दल सांगायचे तर गहेंद्र बाहेरून थेट मार्टिनी-हेन्रीसारखी दिसते. ट्रिगरमागचा लिव्हर खाली ओढला की ब्रीच ब्लॉकचे, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याचे, पुढचे टोक खाली झुकते आणि काडतूस सरकवण्याची वाट मोकळी होते. पण मार्टिनीत वेटोळ्याची स्प्रिंग असते, तर हिच्यात चपटी पट्टीची स्प्रिंग आणि आत दडवलेला घोडा (हॅमर) आहे. ही कल्पना इंग्लंडच्या वेस्टली रिचर्ड्स या बंदूक कंपनीच्या सुधारित मार्टिनीवरून घेतली आहे. कानशीने घासून एकेक भाग बसवला असल्यामुळे एका गहेंद्रचा स्क्रू दुसरीला लागेलच असे नाही. माझ्या रायफलीतील सर्व भागांवर एकच क्रमांक निघाला, हे नशीब. क्रमांक जुळत नसलेली रायफल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्यासाठी सुटा भाग शोधणे म्हणजे समुद्रात सुई शोधणे होय.

ती झाडून पाहावी काय, असे मित्र विचारतात. ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेन शिसे यांचे मार्टिनीचे काडतूस हिच्यासाठीही आहे. परंतु हाताने घडवलेल्या नळीच्या पोलादाचा दर्जा एका रायफलीतून दुसरीत बदलतो आणि जाणकार ती झाडू नये असेच सांगतात. ज्याला काडतुसाचा आवाज ऐकायचा असेल, त्याने त्याच शिलेखान्यातून आलेली इंग्लंडची मार्टिनी घ्यावी, आणि तीही बंदूक दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवूनच.

भारतातील वाचकांनी या किमतींवर भुलून जाऊ नये. अमेरिकेतील ‘पुरातन’ हा शिक्का मुंबईच्या विमानतळावर चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे, आणि गहेंद्र तर थोड्या खटपटीने चालू होऊ शकते. अमेरिकेतही न्यूजर्सीसारख्या राज्यांचे नियम केंद्रीय नियमांहून कडक आहेत. तेथील मराठी मंडळींनी मागणी नोंदवण्यापूर्वी स्थानिक नियम वाचावेत.

मी पुन्हा घेईन तर न उघडलेलीच घेईन, पण त्याआधी डाव्या बाजूचा स्वच्छ फोटो मागेन. विक्रेत्याला मी ‘श्री ३’ आणि संवताचा खुलासा लिहून पाठवला. चार दिवसांत त्याने जाहिरातीतील ‘संस्कृत’ खोडून ‘नेपाळी’ केले; ‘गूढ’ मात्र तसेच ठेवले आहे.