सेप्टोरायनोप्लास्टीनंतर नऊ महिने: नाक, श्वास आणि बिल

नाकाचा आतला वाकडा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, सरळ करणं आणि नाकाचा बाहेरचा आकार बदलणं एकत्र केलं की ती सेप्टोरायनोप्लास्टी. ती करून घेऊन मला नऊ महिने झाले. आधी निकाल सांगतो. पडदा सरळ झाल्याने दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत आणि रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागत नाही. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा गेला. शेंडा मात्र सकाळी अजून किंचित सुजलेला वाटतो आणि स्पर्शाला थोडा बधिर आहे. कातडी जाड असेल तर असंच होतं. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. म्हणून तिसऱ्या महिन्यात लिहिलेल्या कौतुकावर विसंबू नका, आणि तक्रारीवरही नको.

खर्चाचं बघू. पुण्यात याच कामाची कोटेशन लाखाच्या आसपास सुरू होतात आणि अडीच-तीन लाखांपर्यंत जातात. नुसत्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे, कारण प्रत्येकाने त्यात वेगवेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) तासाचे दर, औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदाच वापरायचं साहित्य), खोली, रक्ततपासणी, ईसीजी, सायनसचा सीटी, स्प्लिंट (नाकाला आधार देणारी कडक पट्टी) आणि नंतरच्या भेटी हे सगळं वेगळं लिहून घ्या. स्वस्त 'पॅकेज'मधून भूलतज्ज्ञ, तपासण्या आणि जीएसटी हमखास बाहेर असतात.

दोन प्रश्न मात्र बरेच जण विचारत नाहीत. पहिला: कूर्चा (नाका-कानात असते ती लवचिक, मऊ हाडासारखी ऊती) कुठून घेणार? नाकाला आधार द्यायला बहुतेक वेळा पडद्याचीच कूर्चा पुरते. पण पडद्याचं ऑपरेशन आधी झालेलं असेल किंवा नाकाला मोठा मार लागलेला असेल, तर ती पुरत नाही. मग कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. बरगडीची घेतली की ओटीचा वेळ वाढतो, छातीवर आणखी एक जखम होते आणि बिलही वाढतं. ही शक्यता किती आणि तसं झालं तर किती पैसे वाढतील, हे आधीच ठरवा.

दुसरा प्रश्न रिव्हिजनचा. नाकाच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेत दुरुस्तीची गरज साधारण 5 ते 15 टक्के रुग्णांना पडते. चांगल्या सर्जनच्या हातूनही. 'रिव्हिजन फ्री' याचा अर्थ बहुधा एवढाच की सर्जन स्वतःची फी घेणार नाही. ओटी, भूल आणि साहित्य तुमच्याच खिशातून जातं. मुदत किती, हेही लिहून घ्या. दुरुस्ती सहसा वर्ष उलटल्यावरच करतात, त्यामुळे सहा महिन्यांची मुदत म्हणजे काहीच नाही.

कापलेलं नाक पुन्हा बांधण्यातून हे शास्त्र सुरू झालं. 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आलेली कावसजी गाडीवानाच्या नाकाची शस्त्रक्रिया पुण्याजवळच झाली होती. कर आजही पुन्हा बांधणं आणि नुसतं रूप बदलणं यांतल्या फरकावरच बसतो: जन्मजात दोष, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्याला जीएसटी नाही, निव्वळ रूप बदलण्याला 18 टक्के आहे. विम्याचंही तसंच. कॉस्मेटिक भाग वगळलेला असतो, पण श्वास अडत असेल तर पडद्याच्या कामाचा दावा मान्य होऊ शकतो. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा रिपोर्ट, एंडोस्कोपी किंवा सीटी आणि दोन भागांचं वेगळं बिल लागतं. अनेक पॉलिसींत पडद्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो, तो आधी तपासा. 'सगळंच पडद्याचं दाखवू' असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. तो विम्याचा घोटाळा आहे, आणि जो डॉक्टर कागदावर खोटं लिहायला तयार आहे त्याच्या हाती नाक देऊ नये.

सर्जन निवडताना पदवी नीट वाचा. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, अथवा कान-नाक-घसा विषयात एमएस आणि त्यानंतर नाकाच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण, हे दोन्ही मार्ग योग्य आहेत. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'एस्थेटिक मेडिसिन डिप्लोमा' याने शस्त्रक्रियेचं शिक्षण झालं असं होत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव, नोंदणी क्रमांक आणि पदव्युत्तर पदवीची नोंद पडताळून घ्या. मग विचारा: महिन्याला किती नाकं करता? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ ओटीत असतो का? काही बिघडलं तर आयसीयू कुठे आहे?

फोटो पाहाल तेव्हा ते शस्त्रक्रियेला किमान वर्ष झालेल्यांचे मागा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून काढलेले, एकाच उजेडातले. निवडक बाजूचेच फोटो दाखवत असतील तर बाकीच्या बाजू का नाहीत, हे विचाराच. संगणकावर दाखवलेलं नाक हे बोलण्यापुरतं साधन आहे, त्याला वचन समजू नका. तुमच्या मागणीतल्या एखाद्या गोष्टीला ठाम 'नाही' म्हणणारा सर्जन माझ्या मते जास्त भरवशाचा.

पहिले पंधरा दिवस: बाहेरचा स्प्लिंट आणि टाके साधारण आठवड्याने निघतात, डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत ओसरतं. डोकं उंचावर ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. सलाइनने धुणं कंटाळवाणं असतं, पण ते टाळलं की आत खपल्या धरतात आणि श्वास पुन्हा कोंडतो. तंबाखू, सिगारेट आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद, नाहीतर कातडीचा रक्तपुरवठा कमी पडून जखम चिघळते. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका.

सगळ्यात गैरसोय चष्म्याची आणि हेल्मेटची. हाडं कापून जुळवलेली असतील तर चार ते सहा आठवडे नाकावर भार चालत नाही. चष्मा कपाळाला टेपने अडकवावा लागतो. हेल्मेट चढवता-उतरवताना नाकावर घासतं, म्हणून तेवढे दिवस दुचाकी बाजूला ठेवा. रिक्षा-बसचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुरत नाही. कूर्चा कुठून घेतली, ग्राफ्ट (आधाराला लावलेले कूर्चेचे तुकडे) कुठे बसवले, हाड कुठे कापलं, हे पुढे दुरुस्ती करणाऱ्या सर्जनला लागतं. मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.