एका आठवड्यात नागपूर, अमरावती आणि मुंबई: विमान, समृद्धी की रेल्वे?

जानेवारी-फेब्रुवारी हा आम्हा डॉक्टर मंडळींचा कॉन्फरन्सचा हंगाम. मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे, माहेर अमरावतीचं. गेली तीन-चार वर्षं या दिवसांत माझा एक आठवडा साधारण सारखाच जातो. शुक्रवार ते रविवार नागपूरला कॉन्फरन्स, पुढच्या शुक्रवारी-शनिवारी मुंबईला कार्यशाळा आणि मधल्या दिवसांत आई-बाबांकडे. नागपूरला आत्याही आहे, तिला टाळून पुढे जाता येत नाही आणि जायचंही नसतं.

हा फेरा मी एकदा विमानाने, एकदा स्वतःच्या गाडीने आणि दोनदा रेल्वेने केला आहे. पुण्या-मुंबईत नोकरी-व्यवसाय आणि घरचे विदर्भात, असे माझ्यासारखे खूप जण आहेत. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "तू कशी जातेस गं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी हिशेब एकाच गोष्टीचा धरते: घरी किती रात्री मिळाल्या आणि त्यातल्या किती दिवशी मी जागी, शांत आणि मोकळी होते. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तिकिटाचे दोन हजार इकडे-तिकडे झाले तर ते भरून निघतात, पण घरी मिळाली असती ती एक रात्र गेली की गेली.

विमान: कॉन्फरन्सला उत्तम, घराला अपुरं

पुणे-नागपूर उड्डाण सव्वा ते दीड तासाचं. प्रत्यक्षात कोथरूडहून लोहगाव, तिथे दीड-दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर सामानाची वाट पाहणं आणि नागपूरच्या हॉटेलपर्यंत जाणं हे सगळं धरून पाच तास जातात. तरीही शुक्रवारी सकाळी नऊला तुम्हाला पेपर सादर करायचा असेल, तर गुरुवारी दुपारपर्यंत पुण्यात केसेस (शस्त्रक्रियांना भूल देण्याचं काम) करून रात्री नागपुरात नीट झोपता येतं, हे फक्त विमानामुळेच जमतं. माझ्यासारख्या स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्याला सुट्टीचा प्रत्येक दिवस म्हणजे सर्जनची एक अख्खी लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या शस्त्रक्रिया, हातची जाणं. अर्धा दिवस वाचला तरी तो मोठा असतो. नागपूर विमानतळाजवळून बर्डीपर्यंत (सीताबर्डी, शहराचा मध्यभाग) मेट्रो आहे, त्यामुळे रात्री टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालावी लागत नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. अमरावती नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर. विमानाचं परतीचं तिकीट नागपूर-पुणे किंवा नागपूर-मुंबई असं काढलंत, की घरून निघायच्या दिवशी आधी नागपूरला परत यावं लागतं. ज्या वर्षी मी विमानाने गेले, त्या वर्षी बुधवारी संध्याकाळचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून ते घेतलं. दुपारी बारालाच घरातून निघावं लागलं आणि पुढे विमान तीन तास उशिरा सुटलं. ते तीन तास मी आईजवळ बसू शकले असते, हे आजही मनातून जात नाही.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली. तुमच्या वाराला ते विमान असेल तर जरूर विचार करा. मात्र विमान लहान, एटीआर जातीचं, आणि ते रोज नसतं. पलीकडे कार्यशाळेत तुमचं व्याख्यान असेल तर सगळा भार एवढ्या एका उड्डाणावर ठेवू नका.

सामानाचंही बघा. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक ठिकाणी सामानात टाकायला १५ किलो आणि हातात ७ किलो. जाताना दोन साड्या, ब्लेझर, लॅपटॉप आणि आत्यासाठी बाकरवडी एवढं सहज बसतं. येताना आईच्या कुरडया, मूगवड्या आणि बाबांनी निवडून आणलेली संत्री आली की काहीतरी मागे ठेवावंच लागतं.

समृद्धी महामार्ग: दोघं चालवणारे असतील तरच

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पुण्याहून निघणाऱ्याला आधी नगरवरून छत्रपती संभाजीनगर किंवा शिर्डी गाठावी लागते. तो टप्पाच वेळ खातो. पुढचा रस्ता मोकळा असतो, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. अमरावती शहर समृद्धीवर नाही. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला उतरून पुढे साध्या रस्त्याने जायचं.

गाडीचं सुख घरी पोचल्यावर कळतं. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आईला तिच्या बहिणीकडे नेलं, वाटेत तिला गिला वडा खायचा होता तर थांबलो. रिक्षा शोधायला नको, कुणाच्या मुलाला फोन करायला नको. आई-बाबा ज्या गोष्टी "होईल गं नंतर" म्हणून वर्षभर लांबवतात, त्या गाडी दारात असली की दोन दिवसांत होतात. म्हातारपणी घराबाहेरची कामं अडून राहिली असतील, तर यासाठी गाडी न्यावी असं मी मनापासून सांगेन.

पण एकट्याने नेऊ नका. हे मी डॉक्टर म्हणून सांगते. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि प्रतिसाद दारू प्यायलेल्या माणसासारखे मंदावतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. दुपारी दोन ते चार ही तर शरीराची झोपेकडे झुकणारी वेळच. आणि कॉन्फरन्स संपते कशी, हे तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी रात्री मेजवानी, जुने बॅचमेट भेटलेले, झोपायला दीड. रविवारी सकाळी सत्रं, समारोप, भरपेट जेवण, आणि बरोब्बर तीन वाजता सगळे पार्किंगमध्ये. त्यापुढे सरळ, एकसारखा काँक्रीटचा रस्ता. ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी. डोळे उघडे असतात आणि मेंदू बंद पडलेला असतो. त्या वर्षी नवरा सोबत होता म्हणून आम्ही दर दीड तासाने अदलाबदल केली. तरीही एकदा रंबल पट्ट्यांच्या (चाक गेलं की खडखडणाऱ्या, रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या) आवाजाने आम्ही दोघंही दचकलो. निघण्याआधी टायर तपासून घ्या. जुने, सुकलेले टायर या रस्त्यावर त्या वेगाला तासन्‌तास नेणं धोक्याचं आहे.

शिवाय मुंबईच्या टप्प्याचं काय करायचं? अमरावतीहून मुंबई सहाशेहून जास्त किलोमीटर. गुरुवारचा सगळा दिवस रस्त्यात जातो आणि शुक्रवारी सकाळी कार्यशाळेत तुम्ही मान धरून बसलेले असता. रात्री मोजल्या तर चार भरतात, पण घरचा शेवटचा दिवस हाती लागत नाही.

रेल्वे: बडनेऱ्याची सोय

पुण्याहून नागपूरला रात्रीच्या गाड्या आहेत. कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, हावड्याला जाणारी आझाद हिंद आहे. १० ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी वंदे भारतही सुरू झाली. ८८१ किलोमीटर, बारा तास, आठवड्यातून सहा दिवस. सकाळी साडेसहाच्या आत पुणे सुटतं आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अजनी, म्हणजे नागपूर शहरातच. तिच्यात बसायच्या खुर्च्या आहेत, झोपायची सोय नाही, आणि तुमचा एक पूर्ण दिवस जातो. सादरीकरणाच्या स्लाइड्स अजून व्हायच्या असतील तर तो दिवस कामी येतो. पाठीचा त्रास असेल तर रात्रीची गाडीच बरी.

या गाड्या बडनेऱ्यावरून जातात, हा रेल्वेचा मोठा गुण. बडनेरा ते अमरावती जेमतेम दहा किलोमीटर. बाहेर पडलं की ऑटो, राजापेठेत उतरायचं, घर. एका वर्षी मी पहाटे बडनेऱ्याला उतरले. थंडी कडक होती. बाबा कानटोपी घालून पुलाच्या पायथ्याशी उभे. मी डबा आणि सीट क्रमांक फोनवर दहा वेळा सांगितला होता, तरी त्यांनी तो कागदावर लिहून खिशात ठेवला होता. दाखवला मला.

परत येताना तर बडनेऱ्यालाही जावं लागत नाही. अमरावती-मुंबई अंबा एक्स्प्रेस, अंबादेवीच्या नावाची, अमरावती स्टेशनवरूनच संध्याकाळी सुटते आणि पहाटे मुंबईत सोडते. म्हणजे गुरुवार अख्खा घरी. दुपारचं जेवण, थोडी झोप, चारचा चहा, मग बॅग भरायची. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा चार रात्री आणि वर गुरुवारचा पूर्ण दिवस, तोही मोकळ्या मनाने. मी सगळे पर्याय वापरून पाहिले, हा हिशेब दुसऱ्या कशातही जुळला नाही.

रेल्वेची उणी बाजू म्हणजे तिकीट. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला. ही वेळ नेमकी आमच्या पहिल्या केसची असते. तत्काळच्या भरवशावर हा आठवडा आखू नका.

बसचं थोडक्यात सांगते. नागपूर-अमरावती टप्प्याला एसटी फार चांगली. गणेशपेठ स्थानकावरून सारख्या गाड्या असतात, तीन-साडेतीन तास लागतात आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. पुणे-नागपूर खासगी स्लीपरने मी एकदाच गेले. पहाटे पाचला शहराबाहेर बायपासवर उतरवलं, अंधारात, सामानासकट. एकट्या बाईला मी तो सल्ला देणार नाही.

घर आधी, मध्ये की शेवटी?

वाहनाइतकंच हे महत्त्वाचं. एका वर्षी आधी घरी गेले होते. आई समोर बसून बोलत होती आणि मी लॅपटॉपमध्ये. तिने दोनदा विचारलं, "तुझं काम आहे का? मी जाऊ आत?" त्यानंतर मी पेपरच्या आधी घरी जाणं सोडलं. दुसऱ्या वर्षी दोन्ही कार्यक्रम उरकून शेवटी गेले, तर दीड दिवस नुसती झोपले.

मध्ये गेलं की पहिलं ओझं उतरलेलं असतं आणि थकवा घालवायला पुढे चार दिवस असतात. गेल्या वर्षी सोमवारी सकाळी आई आणि मी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. सोल्यांचा भात करायचा होता. दोन तास हात चालत होते आणि बोलणं आपोआप सुरू होतं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या महिन्यात दोनदा संपल्या आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, हे मला तिथे कळलं. फोनवर ती वर्षभर "सगळं ठीक आहे" म्हणत होती. मंगळवारी मी सगळ्या गोळ्यांचा कागद करून फ्रिजवर लावला आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी बोलून घेतलं.

मुंबईत तुम्हालाही व्याख्यान द्यायचं असेल तर मात्र स्लाइड्स नागपूरच्या आधीच पूर्ण करा. घरी लॅपटॉप उघडावा लागू नये.

हॉटेल की आत्याचं घर?

कॉन्फरन्सच्या रात्री मी हॉटेलात राहते. सकाळी आठला हजेरी, रात्री अकराला परतणं. त्या वेळात नातेवाइकांकडे राहिलं की ते ताटं झाकून जागत बसतात. आत्याला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती दुखावली. "हॉटेलात काहून राहून राहिली तू? घर नाही का आपलं?" आता मी महिनाभर आधी फोन करते आणि शनिवारची संध्याकाळ तिला देते. मेजवानीची संध्याकाळ सोडली तरी एवढं बिघडत नाही, तिच्या हातची पातोडी-रस्सा मात्र सोडवत नाही. वेळ ठरलेली असली की तीही निवांत असते. कार्यक्रमाला फक्त ऐकायला जाणार असाल आणि स्थळ नातेवाइकांच्या घराजवळ असेल, तर खुशाल घरी राहा.

एक व्यावहारिक गोष्ट. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, ते अशा कॉन्फरन्सना हजर राहून मिळतात. रविवारी घाईत निघून प्रमाणपत्राचं काम अर्धवट सोडू नका. नंतर त्यासाठी मेलामेली करत बसावं लागतं.

मग काय ठरवायचं?

शुक्रवारी पहिल्याच सत्रात बोलायचं असेल तर पुणे-नागपूर विमान, रविवारी दुपारी एसटीने अमरावती, गुरुवारी अंबाने मुंबई, आणि शनिवारी कार्यशाळा चारच्या आत संपत असेल तर ५.१० च्या डेक्कन क्वीनने पुणे. यंदा मी हेच करणार आहे. पेपर नसेल तर जाताना विमानाऐवजी रात्रीची रेल्वे, खर्च बराच कमी होतो. घरी डॉक्टर, बँक, गावची कामं तुंबली असतील आणि गाडी चालवणारं दुसरं माणूस सोबत असेल, तर समृद्धी. पण मग मुंबईची कार्यशाळा त्या वर्षी सोडा. दोन्ही ओढू नका.

तिकिटं काढताना क्रम उलटा ठेवा. आधी अंबाचं गुरुवारचं तिकीट, साठाव्या दिवशी सकाळी आठला. खालचा बर्थ मिळाला की मग नागपूरचं विमान, हॉटेल आणि शेवटी कॉन्फरन्सची उरलेली कामं. मी हा क्रम पाळला नाही त्या वर्षी अंबाला वेटिंग लागलं आणि बुधवारीच निघावं लागलं.