२००३ ची सिंफॉनिक ऑर्केस्ट्रा लायब्ररी आज फिल्मला चालते का? वापरून सांगतोय

बेळगाव, निपाणी, खानापूर या आपल्या पट्ट्यात शॉर्ट फिल्मला, डॉक्युमेंटरीला नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथांना बॅकग्राउंड म्युझिक करणारी पोरं आता बरीच झालीत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतोय, जुनी लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर (सँपल) जे कॉम्प्युटरवर कीबोर्डनं वाजवायचे, ती चालेल का नवीनच घ्यावी लागणार? मी अजून ईस्टवेस्ट कंपनीची २००३ ची क्वांटम लीप सिंफॉनिक ऑर्केस्ट्रा वापरतो, गोल्ड एडिशन, म्हणून तिच्याबद्दल लिहितो. माझं मत आधीच सांगतो, चालते, चांगली चालते, पण तिच्याकडून काय वाजवून घ्यायचं हे बघून म्युझिक लिहायला पाहिजे.

हिची खरी ताकद म्हणजे हॉल. कीथ जॉन्सन या इंजिनियरनं खऱ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये रेकॉर्डिंग केलंय आणि वाद्यं ऑर्केस्ट्रात जिथं बसतात तिथंच बसवून केलंय, त्यामुळं हॉर्न लांबून मागून येतात, चेलो उजवीकडं बसतात, आपण पॅन (आवाज डावीकडं-उजवीकडं बसवणं) आणि रिव्हर्ब (हॉलची गुंज) लावत बसायची गरजच पडत नाही. हॉलमधली ती हवा वीस वर्षांनी पण तशीच आहे, ती जुनी होत नाही. राज्याभिषेकाच्या देखाव्याला खालचे ट्रॉम्बोन, टिंपनी आणि वर झांजेचा रोल एवढंच लावा आणि ट्रॅक्टरवरच्या मोठ्या बॉक्सवर रस्त्यात वाजवून बघा, अंगावर काटा येतोय. गोल्ड १६ बिटची आहे, म्हणजे २४ बिटपेक्षा आवाजाची बारकाई कमी, म्हणून नाक मुरडणारे भेटतात, पण डायलॉगच्या खाली ते कुणाला कळत नाही, अगदी हळू विरत जाणाऱ्या सुरात हेडफोन लावून ऐकलं तर थोडंफार.

आता कमी कुठं पडते ते. लेगाटो. व्हायोलिनवाला एकाच गजात सा वरनं ग वर जातो तेव्हा मधला जो सरकता आवाज असतोय तोच माणसाचा आवाज, आणि या लायब्ररीत तो रेकॉर्डच केलेला नाही, प्रत्येक सूर सुटा आहे. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीवाल्यांनी दोन सुरांमधले हे प्रवास त्याच काळात रेकॉर्ड करायला घेतले होते आणि ईस्टवेस्टनं स्वतः २०१० च्या हॉलिवूड स्ट्रिंग्जमध्ये ते दिले. म्हणून इथं हळू, उघडी, एकट्या व्हायोलिनची चाल लिहिली की ती पेटीवर वाजवल्यासारखी तुटक वाटते. डीएक्सएफ नावाचे पॅच (वाद्यांची तयार सेटिंग) घ्या, त्यात कीबोर्डवरचं मॉड व्हील नावाचं चाक वर-खाली केलं की आवाज हळूपासून जोरापर्यंत सरकतो, सूर एकमेकांवर थोडे चढवा, सोबत क्लॅरिनेट किंवा बासरी जोडा, बरंच झाकलं जातंय.

पण माझा खरा उपाय वेगळा आहे. समजा चिकोडीकडच्या उसाच्या फडाच्या कडेला आई उभी आहे, लांब शॉट आहे, डायलॉग नाही. तिथं लायब्ररीचे चेलो आणि बास फक्त एक खालचा सूर धरून ठेवतात आणि चाल सुंदरीवर, म्हणजे सनईसारख्या छोट्या वाद्यावर वाजते, खरी सुंदरी, खरा माणूस. खोलीत भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्ड करायची आणि मग त्या कोऱ्या आवाजावर लांब हॉलचा रिव्हर्ब टाकून तिला ऑर्केस्ट्राच्या मागं नेऊन बसवायची. आपल्याकडची मींड (एका सुरातनं दुसऱ्यात घसरत जाणं) कुठल्याच वेस्टर्न ऑर्केस्ट्रा लायब्ररीत नाही हो, जुनीत नाही आणि शेकडो जीबीच्या नवीनमध्ये पण नाही, मग लेगाटोसाठी एवढे पैसे घालायचे कशाला? हलगीचं पण तसंच, मोठे मोठे ड्रम पाहिजे तेवढे मिळतात पण हलगीची ती कडक थाप आपणच रेकॉर्ड करायची.

जलद स्टकॅटो (छोटे, तुटक सूर) लिहिताना एक काळजी घ्या. तोच सूर परत परत आला की मशीनगनसारखा एकसारखा आवाज सुरू होतो, कारण राऊंड रॉबिन (एकाच सुराची आलटून पालटून वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग) कमी आहेत. शेजारच्या सुराचं सँपल अर्धा सूर सरकवून मध्ये मध्ये वापरा, कान फसतोय.

कॉम्प्युटरच्या बाबतीत ही सोयीची आहे, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एसएसडी टाकून काम निघतंय, नवीन लायब्रऱ्यांची चार-पाच माईकची वेगवेगळी रेकॉर्डिंग एकदम उघडली तर तसल्या मशीनचा श्वास कोंडतो. सॉफ्टवेअरचं मात्र नीट बघून घ्या. ही सुरुवातीला नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या प्लेयरवर होती, मग ईस्टवेस्टचा स्वतःचा प्ले नावाचा प्लेयर आला, २०२१ पासून ओपस. कुणी जुना डीव्हीडीचा डबा स्वस्तात देत असेल तर लायसन्स तुमच्या आयलॉक (लायसन्स सांभाळणारी सेवा) अकाउंटवर येणार का हे आधी लेखी विचारा, मगच पैसे द्या. मॅकवाल्यांनो, २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटचं काहीच चालत नाही. आणि जुन्या स्टुडिओतल्या गिगा फॉरमॅटच्या सीडी सध्या तरी सोडा, त्या वाजवणारं गिगास्टुडिओ सॉफ्टवेअर २००८ लाच बंद झालं, कन्व्हर्ट करण्यातच जीव जातोय.

अजून काहीच घेतलं नसेल तर स्पिटफायरची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर फुकट आहे, जेमतेम २०० एमबीची, तिच्यावर हात बसवा. मग फिल्मचं काम पक्कं झालं की ईस्टवेस्टचं कंपोझर क्लाउड सबस्क्रिप्शन तेवढ्या कामापुरतं घ्या, त्यात ही लायब्ररी येते आणि हॉलिवूड स्ट्रिंग्ज पण, दोन्ही शेजारी लावून ऐका. बजेट मांडताना सुंदरीवाल्याची बिदागी आधी बाजूला काढा, सॉफ्टवेअर नंतर.